ओल्या डोऱ्याचे वजन

मित्रांनो, मी एक जुना डोरा आहे, आणि सात वर्षे माझ्या घड्यांमध्ये एक पत्र पडून होते. त्या पत्राला उत्तर गेले नव्हते. ज्याने उत्तर द्यायचे तो माणूस माझ्यापासून चार हातांवर खुर्चीत बसून पुस्तके वाचत असे. तुम्हीही कुणाचे तरी उत्तर असेच अडवून बसला असाल. तुमच्या चेहऱ्यांकडे पाहून मला तरी तसेच वाटते.

डोरा म्हणजे काय हे तुम्हांला ठाऊक नसणार. सुईत ओवतात तो नव्हे. मी काळ्या मेंढीच्या लोकरीचा, अंगठ्याएवढा जाड आणि चाळीस हात लांब दोर आहे. आमचा गद्दी माणूस, म्हणजे हिमाचलच्या डोंगरांतला मेंढपाळ, अंगात जाड लोकरीचा चोळा घालतो आणि त्यावर कमरेला माझे वेढे घेतो. मग चोळ्याच्या वरच्या घोळात तो कालच जन्मलेले कोकरू ठेवतो, मक्याची भाकरी ठेवतो, बासरी ठेवतो, आणि यातले काहीही खाली पडत नाही, कारण खाली मी असतो. तुमच्या कमरेला जी चामड्याची पट्टी असते तिच्यात तुम्ही काय ठेवता? काही नाही. ती फक्त तुमचे पोट दोन भागांत विभागते.

मला जरमूच्या आईने कातले. जरमू तेव्हा तिशीला टेकलेला मेंढपाळ होता. तिने नऊ काळ्या मेंढ्यांची लोकर निवडली. रंगवलेला काळा तिला चालत नसे. रंगवलेला काळा दोन पावसांत तपकिरी होतो आणि तरीही स्वतःला काळाच समजतो. बाजारात असे डोरे मी पुष्कळ पाहिले आहेत. त्यांच्याशी मी बोलत नाही.

जरमूच्या कमरेवर मी चाळीस वर्षे काढली. हिवाळ्यात आम्ही कळपासह खाली कांगड्याच्या बाजूला उतरत असू, उन्हाळ्यात पुन्हा वर, कुगतीची खिंड ओलांडून लाहुलच्या कुरणांपर्यंत. मी वाहत्या ओढ्यातून मेंढ्या ओढून काढल्या. मी सरपणाचे भारे बांधले. मी जरमूच्या डोक्याखाली उशी झालो. एकदा बर्फाच्या भेगेत घसरलेल्या एका साधूला जरमूने मला खाली सोडून वर ओढले. वर येताच साधूने डोळे मिटले आणि म्हणाला, "भोळ्या शंकराने वाचवलं!" जरमूने मान डोलावली. माझे दोन पीळ सुटले होते. त्यांची चौकशी कुणी केली नाही.

मग एका पावसाळ्यात जरमूचा गुडघा दगडांत सापडला आणि कायमचा अधू झाला. त्याने कळप विकला आणि तो पालमपूरच्या खालच्या बाजूला मुलीकडे राहायला निघाला. जाण्याआधी तो भरमौरला निक्कूराम मास्तराच्या ओसरीवर आला. दोघे एका शाळेत होते. जरमू दुसरीतून मेंढ्यांमागे गेला, आणि निक्कूराम मात्र शाळेतून कधी बाहेर पडलाच नाही. आधी शिकला, मग तीस वर्षे शिकवले, मग निवृत्त होऊन घरीच पुस्तके घेऊन बसला.

जरमूने मला कमरेवरून सोडले आणि मास्तराच्या मांडीवर ठेवले.

"मास्तरा, चाळीस वर्षं मणिमहेशच्या डोंगराखालून गेलो. दर साली म्हणायचो, पुढच्या साली वर डलवर जाऊ. तेव्हा मेंढ्यांनी सोडलं नाही, आता गुडघा सोडत नाही. माझ्या जागी हा डोरा जाऊ दे. डलच्या पाण्यात बुडव आणि मला पाठव. तोवर कमरेला दुसरा डोरा बांधणार नाही. तसं शंकराला बोलून बसलोय."

डल म्हणजे आमचे ते वरचे सरोवर. मागे मणिमहेशचा कैलास, पुढे पाणी.

"मी?" मास्तर म्हणाला. "मला ती चढण झेपेल का? नाही म्हणजे, मला वाटतं, दुसऱ्या कुणाला तरी..."

"दुसरे विसरतात. तू विसरत नाहीस. पहिलीत मी तुझी पाटी फोडली तेही तुझ्या ध्यानात आहे."

"दुसरीत," मास्तर म्हणाला.

"बघ!" जरमू म्हणाला, आणि लंगडत निघून गेला. चोळ्यावर त्याने माझ्या जागी निळी नायलॉनची दोरी बांधली होती. मला ती दुरूनही दिसत होती. नायलॉनबद्दल मी काही बोलणार नाही. त्याला लोकरीसारखा वासही नसतो, मग त्याच्याबद्दल बोलायचे काय?

आता या मास्तराविषयी सांगतो. डलची उंची त्याला पाठ होती. यात्रेची वाट, मुक्काम, कथा, सगळे त्याने तीस वर्षे मुलांकडून घोकून घेतले होते. आणि तो स्वतः तिथे कधी गेला नव्हता! डोंगराच्या पायथ्याशी जन्मलेला माणूस, पण चढण जिथे सुरू होते त्या हडसर गावाच्या पुढे त्याचे पाऊल पडले नव्हते. हे गावात कुणालाच ठाऊक नव्हते, कारण हे मास्तराला विचारायचे कुणाला सुचलेच नाही.

निघण्याआधी त्याने तीन पुस्तके पुन्हा वाचली. गर्दीचा त्याला धसका होता, म्हणून तो यात्रा सुरू होण्याच्या पंधरा दिवस आधी निघाला, जेव्हा वाटेवर ना तंबू असतात ना माणसे. आधी भरमाणी देवीच्या कुंडात स्नान, मग डल, ही आमची रीत. ती त्याने पाळली. रीत पाळण्यात तो हुशार होता. मला त्याने पिशवीत कोंबले होते, भाजीसारखे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही वर पोचलो तेव्हा धुके एवढे दाट होते की मास्तराला स्वतःचे बूट दिसत नव्हते. अचानक समोर पाणी आले. काठाला दगड, दगडांत रोवलेले दोन गंजके त्रिशूळ. मास्तराने टोपी काढली. तेवढ्यात धुक्यातून दोन मेंढपाळ आले. मास्तराने तोंड उघडले. त्याला विचारायचे होते, 'हाच डल ना?' तीन शब्द होते. पण त्यातला एक मेंढपाळ म्हणाला, "जय शंकर, मास्तरजी! ओळखलंत का? तुमच्याच हाताखाली शिकलो मी." आता त्याला कसे विचारायचे? मास्तर म्हणाला, "आज थंडी आहे, नाही?"

"आहे," ते म्हणाले, आणि गेले.

मग मास्तराने मला पिशवीतून काढले, दोन्ही हातांवर घेतले आणि पाण्यात सोडले. त्याच्या डोळ्यांत पाणी आले होते. तो काहीतरी पुटपुटतही होता. त्या घटकेला मला काय वाटले ते मी आत्ता सांगणार नाही.

"अगं बाई! हे कोण? मास्तरजी?"

काठावर तीन बायका उभ्या होत्या, हडसरकडच्या, पाठीवर गवताच्या पेंढ्या. पुढची होती ती चतरो, तिचा आवाज दरीपलीकडून ओळखू यावा असा.

"आमच्या कुंडात काय धुताय, मास्तरजी?"

"पुरुषाचा डोरा दिसतोय!" दुसरी म्हणाली.

"मग घागराही आणला असेल. काढा की, लाजता काय!"

त्या एवढ्या हसल्या की पेंढ्या खाली घसरल्या. कारण ते पाणी डलचे नव्हते. ते गौरीकुंड होते. तिथे बायका न्हातात, गौरीच्या नावाने, आणि पुरुष सरळ पुढे डलवर जातात. गद्दी माणसाच्या कमरेचा डोरा गौरीकुंडात बुडवल्याचे आजवर कुणी ऐकले नव्हते. त्याच क्षणी धुके थोडे फाटले आणि वर जाणारी पायवाट स्पष्ट दिसली. डल तिथून तासाभराच्या आत होता.

मास्तराने मला पिशवीत भरले आणि तो खाली पळाला. वर नाही, खाली! अडुसष्ट वर्षांचा माणूस, दगडांवरून घसरत, मागे न पाहता. मागून बायका काहीतरी ओरडत होत्या. पिशवीतून माझे पाणी गळत होते आणि त्याच्या विजारीवर ओघळत होते. त्याला तेच शोभत होते.

विसाव्या दिवशी जरमूचे पत्र आले. जरमूला लिहिता येत नाही, म्हणून नात कमलोने लिहिले होते.

"मास्तरा, डोरा भिजला का? मला आधी एवढं लिही की डल कसा दिसतो. पुस्तकातलं नको, तू पाहिलंस ते लिही. इथे सगळे माझ्या निळ्या दोरीला हसतात. म्हणतात, म्हातारा प्लास्टिकच्या बादलीसारखा दिसतो. हसू देत. तू गेला असशीलच. लवकर लिही."

मास्तर लिहायला बसला. डलचे वर्णन त्याला उत्तम येत होते. आरशासारखे निर्मळ जल, गगनचुंबी शिखरे, सगळे त्याने पहिल्या कागदावर लिहिले, वाचले आणि फाडले. दुसऱ्या कागदावर खरे लिहायला घेतले आणि पहिल्या ओळीतच फाडले. असे अकरा कागद झाले. खोटे लिहायला तो फार प्रामाणिक होता आणि खरे लिहायला फार भित्रा. शेवटी त्याने जरमूचे पत्र माझ्या घड्यांत ठेवले, मला ट्रंकेत ठेवले आणि एक पुस्तक उघडले. पुढच्या साली नक्की जाऊ, असे तो ट्रंकेचे झाकण लावताना म्हणाला. हे वाक्य मी चाळीस वर्षे जरमूच्या तोंडून ऐकले होते. पण त्याला निदान मेंढ्या होत्या.

मित्रांनो, ट्रंकेत काय असते ते सांगतो. अंधार असतो आणि कसर असते. कसर हा लोकर खाणारा किडा आहे, आणि त्याच्याएवढा निर्बुद्ध प्राणी मी दुसरा पाहिला नाही. साधूला भेगेतून ओढणाऱ्या पिळाची आणि मोज्याची चव त्याला सारखीच लागते. मास्तराने अक्रोडाचा पाला घातला होता, पण तो बदलायचे त्याला कधी आठवले नाही. माझे एक टोक वीतभर झडून गेले. बाहेर पाने उलटल्याचा आवाज येत असे. सात वर्षे!

यंदा पावसाळ्यात ट्रंक उघडली. मास्तराच्या हातात दुसरे पत्र होते. ते कमलोने स्वतःच्या मनाने लिहिले होते. मास्तराने ते हळू आवाजात दोनदा वाचले.

"मास्तरजी, आजोबा आता अंथरुणावरून उठत नाहीत. चोळा अंगावर ठेवतात, पण कंबर मोकळी. आम्ही नवा डोरा आणला तर हात लावू देत नाहीत. म्हणतात, बोललोय तर बोललोय. रोज विचारतात, टपाल आलं का, आणि म्हणतात, डोऱ्याशिवाय मी जाऊ कसा. तुमच्याकडून तो हरवला असेल तर तसं लिहा. आम्ही रागावणार नाही. शंकरालाही सांगून बघू. पण काहीतरी लिहा."

मास्तराने पत्र खिशात घातले. मग त्याने मला कोटावरून कमरेला गुंडाळले, उलट्या बाजूने आणि ढिले, आणि तो निघाला. पंचाहत्तर वर्षांचा माणूस ऐन यात्रेत, ज्या गर्दीच्या धसक्याने तो मागे आडवारी गेला होता त्याच गर्दीत.

यात्रेकरूंबद्दल न बोललेले बरे, तरी बोलतो. कुणी घोड्यावर डोळे मिटून बसले होते आणि कष्ट घोड्याला पडत होते. कुणी देवाच्या नावाने ओरडत होते आणि पाण्याच्या बाटल्या ओढ्यात फेकत होते. एकजण दर वळणावर फोन उंच धरून विचारत होता, "इथे येतंय का?" मला वाटले तो देवाबद्दल विचारतो आहे. अशा माणसांत आमचा मास्तर, सगळ्यांना वाट देत, दगडाला पाय लागला तरी माफी मागत. पोरे त्याच्याकडे बोट दाखवत होती, "ते बघ, आजोबांनी स्वतःलाच गाठोड्यासारखं बांधलंय!" हे मात्र खरे होते.

वाटेवरच्या धनछो मुक्कामी चहाच्या तंबूत तो टेकला आणि चहा पुढे करणारा आवाज ऐकून दचकला.

"या, मास्तरजी. यंदा काय धुवायचंय?"

चतरो होती ती. मास्तराच्या हातून अर्धा चहा सांडला.

"कुणाकुणाला सांगितलंस, भाभी?"

"कुणाला नाही. नवऱ्यालासुद्धा नाही. त्याच्या पोटात चहा राहत नाही, गोष्ट काय राहणार! त्या दोघींनाही शपथ घातली."

"का?"

"का म्हणजे? आम्ही हसलो, पण तुम्ही खाली जावं म्हणून नव्हतो हसलो. केवढ्याने ओरडलो, मास्तरजी, डल वर आहे, वर जा! तुम्ही वळलासुद्धा नाहीत." मग तिचे लक्ष माझ्याकडे गेले. "आणि हे काय बांधलंय? उभे राहा. लहान पोराला तरी बरं जमेल."

तिने मला सोडले, नीट पीळ जुळवून पुन्हा वेढे घातले, घट्ट. सात वर्षांनी कुणीतरी मला डोरा असल्यासारखे हाताळले. कसरीने खाल्लेले टोक तिने आत खुपसले आणि मास्तराकडे असे पाहिले की त्याने मान खाली घातली.

"अडलात तर विचारा," ती म्हणाली. "विचारलं तर कुणी गिळत नाही."

गौरीकुंडापाशी आम्ही पोचलो तेव्हा आकाशातून उतरणारे ते यंत्र नुकतेच माणसे सोडून गेले होते. जी माणसे एक पाऊलही चढत नाहीत, ती तिथे उतरतात. लाल कोट घातलेला एक गृहस्थ कुंडाच्या काठी गुडघे टेकून पाण्याने बाटली भरत होता आणि बायकोला म्हणत होता, "झालं एकदाचं. डलचं पाणी. आता खाली जाऊ."

मास्तर थांबला. मी त्याच्या पोटाभोवती होतो, म्हणून त्याचे पोट कसे आत गेले ते मला कळले. त्याने तोंड उघडले, मिटले. मला वाटले, आता हा थंडीबद्दल बोलणार.

"अहो," तो म्हणाला. "हा डल नव्हे."

"मग काय आहे?"

"हे बायकांचं कुंड. डल वर आहे, तासाभराची चढण. पुष्कळ जण चुकतात. म्हणजे... पुष्कळ नाही. मी चुकलो होतो. माझ्या मित्राचा डोरा मी इथेच बुडवला. हाच."

"मग काय केलंत?"

"मग सात वर्षं घरी बसलो," मास्तर म्हणाला.

गृहस्थाची बायको हसली. गृहस्थाने बाटली ओतून टाकली. आणि मास्तर, मित्रांनो, त्यांच्याबरोबर हसला. मग त्यांना म्हणाला, "चला, मलाही वाट नक्की ठाऊक नाही. विचारत जाऊ." आणि वाटेत त्याने पाच जणांना विचारले. त्यांतले दोघे त्याचे विद्यार्थी होते.

डलवर मास्तराने मला दोन्ही हातांनी पाण्यात धरले. बोटे बधिर झाली तरी धरले. आणि इथे मला ते सांगावे लागेल जे मघाशी मी टाळले. पहिल्या वेळी, गौरीकुंडात, मलाही काही कळले नव्हते. चाळीस वर्षे मीही त्या डोंगराखालूनच गेलो होतो. त्या पाण्यात पडताच माझा धागा न् धागा धन्य झाला होता. मी स्वतःला म्हटले होते, हाच तो डल, बाकीच्या डोऱ्यांना हे भाग्य कुठले! त्या बायका हसल्या तेव्हा मास्तराच्या आधी मी शरमलो. त्याला सात वर्षे मी मनात जेवढे टोचून बोललो, त्यातले निम्मे खरे तर माझ्याच वाट्याचे होते. निम्मेच. पाला बदलला नाही तो त्यानेच.

खाली भरमौरला उतरताच मास्तराने, अंगातला कोटही न काढता, टपालकचेरीच्या बाकावर बसून पत्र लिहिले. एकच कागद लागला. लिहिताना तो ओठ हलवतो, म्हणून मला ऐकू आले.

"जरमू, तुझा डोरा मी आधी चुकून बायकांच्या कुंडात बुडवला आणि लाजेने तुला लिहिलं नाही. आता डलमध्ये बुडवला आहे. त्यात दोन्हीकडचं पाणी आहे. एक टोक कसरीने खाल्लं, तो दोषही माझा. डल लहान आहे रे. आपल्या शाळेच्या पटांगणाहून थोडा मोठा, एवढाच. पाणी करडं आहे. त्यात कैलास उलटा दिसतो, वारा आला की मोडतो, मग पुन्हा जुळतो. हात इतके गार पडले की हातात डोरा आहे की नाही ते कळेना. मी आणखी काही पाहिलं नाही. बांध. निक्कू."

मित्रांनो, आता उपदेश. लोकर वर्षातून एकदा उन्हात घाला. पाला बदला. पत्राला उत्तर त्याच आठवड्यात द्या, मग ते एका ओळीचे का असेना. आणि ओली लोकर कधी बांधून ठेवू नका, ती कुजते. तुम्ही यातले काहीच करणार नाही, हे मला माहीत आहे. तरी सांगितले.

मास्तराने मला पांढऱ्या कापडात शिवले. टपालबाबूने पार्सल काट्यावर ठेवले आणि नाक मुरडले.

"मास्तरजी, हे ओलं आहे. दोन दिवस वाळवून आणा. उगाच वजन जास्त भरतंय."

"भरू दे," मास्तर म्हणाला. त्या आवाजात त्याने वर्गातही कधी बोलल्याचे मला वाटत नाही. "तेच तर पाठवायचंय. आणि दोन दिवस नाहीत."

टपालबाबूने खांदे उडवले आणि माझ्यावर शिक्का मारला. मी ओला, शिवलेला, काळोखात होतो, आणि या खेपेला मी तक्रार केली नाही. बाहेर मास्तराची पावले पेटीपर्यंत गेली. तिथे ती थोडा वेळ थांबली. मग पत्र आत पडल्याचा आवाज आला.